घरून आणलेलं पाणी

त्या दिवसांत घरोघरी एकाच गोष्टीवरून वाद व्हायचे: बातम्या लावायच्या की नाही? लावल्या तर घास घशाखाली उतरायचा नाही, आणि नाही लावल्या तरी रस्त्यावरचा आरडाओरडा खिडकीतून आत यायचाच. आज मोर्चा, उद्या दगडफेक, परवा सगळी दुकानं बंद. कालपर्यंत एकमेकांच्या पोरांना शाळेत सोडणारी माणसं आता समोरून आली की रस्ता बदलत होती. अशा दिवसांत साध्या माणसाने करायचं तरी काय, हा प्रश्न तुम्हाआम्हाला पडतो तसाच आपल्या या गृहस्थांनाही पडला होता. फरक इतकाच, की त्यांना उत्तर सापडलं होतं. त्यांनी टीव्हीची वायर काढून कपाटात ठेवून दिली होती!

हे गृहस्थ पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते. रोज सकाळी काचेच्या बाटल्यांचा खोका घेऊन निघायचे, बाटल्यांत नळाचं पाणी भरून आणायचे आणि दिवसभर ते तपासत बसायचे. त्यामुळे सगळं खातं त्यांना ‘बाटलीवाले’ म्हणायचं. आणि हेच बाटलीवाले चर्चमध्ये पंच होते, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एक. चर्चचा पंच आणि नाव बाटलीवाले! नवे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले तेव्हा हे नाव ऐकून त्यांना चहा पितापिता ठसकाच लागला होता. खरं तर बाटलीवाल्यांनी जन्मात चहाहून कडक काही घेतलं नव्हतं.

टीव्ही बंद झाल्यापासून त्यांच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थनेची बैठक भरू लागली. रस्त्याकडच्या खिडक्या लावून घ्यायच्या, पडदे ओढायचे, मंडळीतली दहापंधरा माणसं दाटीवाटीने बसायची आणि बाटलीवाले डोळे मिटून प्रार्थना करायचे. त्यांची प्रार्थना ऐकत राहावी अशीच असायची. “हे देवबापा, हे जग वादळात सापडलंय. आम्ही इथले पाहुणे आहोत. तुझ्या पंखाखाली आम्हाला लपव.” माणसं डोळे पुसत उठायची आणि म्हणायची, “मन कसं हलकं झालं!” बायको तर उघडच म्हणायची, “अहो, तेवढा तासभर तरी तुमच्या कपाळावरची आठी जाते.”

यात हसण्यासारखं काही नाही. घाबरलेल्या माणसाला टेकायला जागा लागते आणि देवाच्या पायांपेक्षा चांगली जागा कोणती? फक्त दार लावून घेताना बाहेर कोण राहिलंय, एवढं तरी माणसाने बघावं. बाटलीवाल्यांना ते माहीत होतं. माहीत होतं, म्हणूनच ते इतकं घट्ट दार लावत होते.

एका संध्याकाळी बैठकीला ऑर्गनबाई आल्या. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या म्हणून त्या ऑर्गनबाई. एरवी शिवणकाम करायच्या. नवरा बोटीवर नोकरीला होता, आणि त्या आपल्या लहान लेकीला घेऊन चर्चच्या मागच्या खालच्या गल्लीत राहायच्या. त्या संध्याकाळी त्यांचा चेहरा ओढलेला होता.

“माझ्या पोरीसाठी प्रार्थना करा,” त्या म्हणाल्या. “उलट्याजुलाब थांबतच नाहीत. गल्लीत घरटी एक तरी माणूस आजारी आहे. घड्याळबाबा तर गेलेच.”

घड्याळबाबा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ. बाटलीवाल्यांच्या मनगटावरचं घड्याळ त्यांनीच तर चालू करून दिलं होतं.

बाटलीवाल्यांनी ऑर्गनबाईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या लेकरासाठी अशी काही प्रार्थना केली की अर्धी खोली रडायला लागली. प्रार्थना करताकरता ते स्वत:ही रडले. लोकांना वाटलं, किती हळवा माणूस! पण खरी गोष्ट निराळीच होती.

खालच्या गल्लीच्या पाण्यात काय आहे, हे त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होतं.

त्याचं असं झालं होतं. पूर्वी पाण्याचा नमुना शेवटच्या नळावरून घ्यायची पद्धत होती. टाकीपासून निघालेलं पाणी सगळ्या गल्लीबोळांतून फिरून जिथे संपतं, तिथला नळ. पण मोठे साहेब बदलून आले आणि त्यांनी एक सोपी पद्धत पाडली. आता सगळे नमुने टाकीखालच्या नळावरूनच घ्यायचे. वेळ वाचतो, पेट्रोल वाचतं, आणि पाणीही कधी खराब निघत नाही! निघणार कसं? तिथे तर नुकतंच औषध घातलेलं ताजं पाणी. स्वयंपाक कसा झालाय हे जेवणाऱ्याला न विचारता आचाऱ्यालाच विचारावं, तसा हा प्रकार होता. मग खात्याच्या दारावर फलक लागायचा: पाणी पिण्यास योग्य.

घड्याळबाबा आजारी पडल्याचं कानावर आलं तेव्हा मात्र बाटलीवाल्यांना राहवलं नाही. ते एका सकाळी कुणालाही न सांगता चर्चच्या अंगणातल्या नळाशी गेले. खालच्या गल्लीतून येणाऱ्या जलवाहिनीवरचा शेवटचा नळ तोच. त्यांनी नळाचं तोंड ज्योतीवर शेकून घेतलं, पाणी थोडं वाहू दिलं आणि बाटली भरली. ही बाटली साधी नसते. तळाशी औषधाची पूड असते. पाणी चांगलं असेल तर काही होत नाही, आणि त्यात मैला मिसळला असेल तर बाटली काळी पडते. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेचं कपाट उघडलं. बाटली शाईसारखी काळी झाली होती.

ते तसेच मोठ्या साहेबांकडे गेले. साहेबांनी आधी उठून दार लावलं.

“तुम्हाला तिकडे जायला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही, साहेब. पण जुनी मोरी आणि पाण्याचा पाइप तिथे शेजारीशेजारी आहेत. कुठेतरी फुटलं असणार. पाणी बंद करून खणायला हवं.”

“अहो, शहरात काय चाललंय बघताय ना? आधीच लोक दगड हातात घेऊन बसलेत. त्यात पाण्याची बोंब उठली तर हे पेटवतील सगळं! जरा शांत होऊ द्या. मग बघू दुरुस्तीचं.” साहेबांनी आवाज मऊ केला. “आणि तुम्ही तर देवभक्त माणूस. निवृत्तीला आलात. कशाला नसत्या भानगडीत पडता? प्रार्थना करा ना आमच्यासाठी.”

बाटलीवाले बाहेर आले आणि खरोखरच त्यांनी तसं केलं. सगळं देवावर सोडून दिलं. सोडताच छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आपण हे देवावर सोडत नाही, देवाच्या गळ्यात घालतोय, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल, आणि त्यांनी तिकडे पाठ फिरवली असेल. घड्याळबाबा त्याच आठवड्यात वारले.

त्यांची थोरली बहीण, ताई, इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाली होती. आवाज असा, की वॉर्डात नुसती खाकरली तरी डॉक्टर सरळ उभे राहायचे. खालच्या गल्लीत साथ आल्यापासून ती रोज तिथल्या दवाखान्यात फुकट राबत होती. एकदा येताजाता तिने भावाला विचारलंही, “अरे, पाणी तरी चांगलं आहे ना तिथलं? मी सगळ्यांना उकळून प्या म्हणते, पण लोक म्हणतात खात्याचा फलक लागलाय.”

“तपासणीत तर चांगलंच येतंय,” बाटलीवाले म्हणाले होते. बघा, एकही शब्द खोटा नव्हता!

मग तो रविवार आला. बाटलीवाल्यांच्या नातीचा बाप्तिस्मा होता. लेक माहेरी आली होती, बाळाला पांढरं झबलं शिवलं होतं, आणि बाळाची धर्ममाता, म्हणजे त्याच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारी, म्हणून ताई उभी राहणार होती. त्या दिवशीची मध्यस्थीची प्रार्थनाही बाटलीवाल्यांनीच करायची होती. म्हणजे मंडळीच्या वतीने सगळ्यांसाठी देवाकडे मागायचं ते. सगळीकडे आनंदीआनंद होता.

उपासना सुरू व्हायच्या आधी बाटलीवाले बाजूच्या खोलीत गेले. तिथे एका ओट्यावर चांदीचा रंग उडालेलं बाप्तिस्म्याचं भांडं ठेवलेलं असायचं. दरवेळी चर्चचा सेवक अंगणातल्या नळाचं पाणी त्यात भरायचा. बाटलीवाल्यांनी त्याला फुलं आणायला पिटाळलं, पिशवीतून एक झाकणाचा डबा काढला आणि भांड्यात पाणी ओतलं. घरचं पाणी. त्यांचं घर वरच्या भागात होतं, तिथली वाहिनी वेगळी होती.

तेवढ्यात ताई हात धुवायला आत आली.

“हे काय रे?”

“काही नाही. बाळाला गार लागेल म्हणून जरा कोमट करून आणलं.”

ताईने सरळ भांड्यात बोट बुडवलं. पाणी थंडगार होतं.

तिने भावाकडे बघितलं. मग दाराबाहेरच्या नळाकडे बघितलं. पुन्हा भावाकडे बघितलं. तीस वर्षं तिने रोग्यांचे चेहरे वाचले होते, सख्खा भाऊ तर तिने अंगाखांद्यावर खेळवला होता.

“मी तुला विचारलं होतं,” ती हळू आवाजात म्हणाली. ताई हळू बोलायला लागली की समजावं, आता धडगत नाही. “तू म्हणालास, तपासणीत चांगलं येतंय.”

“तपासणीत येतंयच चांगलं, ताई.”

“मग कपाळाला लावायचे तीन थेंब घरून का आणलेस?”

“बाळ आहे,” एवढंच बाटलीवाले म्हणाले.

“आणि गल्लीतली कोण आहेत? दगडधोंडे?”

“ताई, तुला कळत नाही. दिवस कसे आलेत बघ. मी तोंड उघडलं तर दंगल होईल. माझी नोकरी जाईल. आणि आपण काय करणार? हे जग असंच चालायचं. आपण इथले पाहुणे. आपण प्रार्थना करावी, बाकी देव बघेल.”

“पाहुणा आहेस, तर पगार कुणाचा घेतोस?” ताई कडाडली. “त्या गल्लीतली माणसं तुझ्यासाठी पाणीपट्टी भरतात ना? रोज संध्याकाळी पडदे लावून देवाला सांगतोस, लेकरांना वाचव. अरे, देवाने वाचवायला तुलाच नेमलंय तिथे! प्रयोगशाळेत दुसरं कोण बसलंय? तू मागतोस एकीकडे, आणि तो देतो ते दडवून ठेवतोस दुसरीकडे!”

“मी काही देवावरचा विश्वास सोडलेला नाही, ताई.”

“विश्वासाचं मला सांगू नकोस. एवढं सांग, येशूने बाप्तिस्मा घेतला तो कुठे?”

“नदीत.”

“गावभरची पापी माणसं ज्या पाण्यात उतरली होती, त्याच पाण्यात ना? की घरून डबा घेऊन गेला होता?”

बाटलीवाले भांड्याकडे बघत राहिले. लहानपणापासून ती गोष्ट त्यांनी शेकडो वेळा ऐकली होती, चर्चच्या पोरांना सांगितली होती. त्या नदीचं पाणी कसं असेल, याचा विचार मात्र त्यांच्या मनात कधी आला नव्हता. इतक्या माणसांचे मळके पाय, गढूळ तळ, आणि त्यात तो सगळ्यांच्या मागे रांगेत उभा. त्याला काही गरज नव्हती. तरी उतरला.

बाहेर घंटा झाली. पण ऑर्गन वाजेना. लोक मागे वळून बघू लागले. ऑर्गनबाई आल्याच नव्हत्या. पाळकांनी मंडळीला तसंच गीत म्हणायला लावलं, आणि गीत अर्ध्यावर आलं असताना ऑर्गनबाई अंगणाच्या दारातून बाजूच्या खोलीत आल्या. केस विसकटलेले. हातात प्लास्टिकचा मोठा कॅन.

“पोरीला इस्पितळात ठेवलंय,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “शेजारीण बसलीय तिच्यापाशी. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी फार कमी झालंय. मीठसाखरेचं पाणी पाजत राहा, पाजत राहा. म्हणून आले.”

“कशाला आलात?” ताईने विचारलं.

“पाणी न्यायला. आमच्या घरच्या नळाला वास येतो हो. म्हणून आठवडाभर मी इथलंच नेते, अंगणातल्या नळाचं.” त्या बाटलीवाल्यांकडे बघून क्षीणपणे हसल्या. “तुम्ही त्या दिवशी प्रार्थना केलीत ना, तेव्हाच मनात आलं. म्हटलं, देवाच्या घरचं पाणी आहे. यानेच गुण येईल.”

अरेरे! त्या लेकराच्या ओठाला लागलेला प्रत्येक पेला बाटलीवाल्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. आई पेला धरतेय, पोरगी तोंड फिरवतेय, आई म्हणतेय, पी गं राणी, देवाच्या घरचं आहे.

त्यांनी ऑर्गनबाईंच्या हातातून कॅन ओढून घेतला.

“हे पाणी पाजू नका!” ते ओरडले. गीत म्हणणारी मंडळी दचकून गप्प झाली. “ताई, माझ्या डब्यात घरचं उरलंय ते घे. यांच्याबरोबर इस्पितळात जा. डॉक्टरांना सांग, खालच्या गल्लीच्या पाण्यात मैला मिसळलाय. मी सांगितलं म्हणून सांग.”

ताईने डबा उचलला. बाहेर पडता पडता तिने भावाच्या पाठीवर एक थाप मारली, लहानपणी झाडावरून पडल्यावर मारायची तशी.

बाटलीवाले बाप्तिस्म्याचं भांडं घेऊन आत गेले, ते पुढच्या मेजावर ठेवलं आणि मंडळीसमोर उभे राहिले. लोकांना वाटलं, प्रार्थनेची वेळ झाली. सवयीने माना खाली गेल्या, डोळे मिटले गेले.

“आज डोळे मिटू नका,” ते म्हणाले.

माना वर झाल्या.

“मी मध्यस्थीची प्रार्थना करायला उभा आहे, पण आधी मला काही सांगायचंय. अंगणातल्या नळाचं पाणी विषासारखं आहे. खालच्या सगळ्या गल्लीचं तसंच आहे. मला हे ठाऊक होतं. घड्याळबाबा जिवंत होते तेव्हाही ठाऊक होतं. बाटली काळी पडलेली मी या डोळ्यांनी बघितली, आणि साहेबांच्या भीतीने गप्प बसलो. वर तुमच्यासमोर डोळे मिटून त्यांच्यासाठी रडलो. आज माझ्या नातीपुरतं पाणी मात्र मी घरून आणलं.”

बाटलीवाल्यांची लेक बाळाला छातीशी धरून पहिल्या बाकावर बसली होती. बापाने तिच्याकडे बघायचं टाळलं.

दुसरे एक पंच उठले. बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. “देवाच्या घरात या सरकारी भानगडी कशाला? आपण इथे चार घटका शांती मिळावी म्हणून येतो. बाहेरचं बाहेर राहू द्या की!”

पाळक वयाने तरुण होते. आल्याआल्या त्यांनी उपदेशात रस्त्यावरच्या भांडणांचा विषय काढला होता, तेव्हा खुद्द बाटलीवाल्यांनीच त्यांना बाजूला घेऊन समजावलं होतं, की असले विषय नकोत, लोकांची मनं अस्वस्थ होतात. ते तेव्हापासून गप्पच होते. आता त्यांनी पुढे येऊन बाप्तिस्म्याचं भांडं उचललं आणि बाजूला ठेवलं.

“बाहेरचं बाहेर राहिलेलं नाही, काका,” ते शांतपणे म्हणाले. “ते आपल्या नळातून आत आलंय. आजची उपासना संपलेली नाही. उरलेली आपण खालच्या गल्लीत करू. बाप्तिस्मा मात्र आज राहील, आईची हरकत नसेल तर.”

लेक उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. त्यात राग होता की माया, हे बाटलीवाल्यांना ओळखता येईना. “बाळ कुठे पळून जात नाही,” ती म्हणाली. “बाबा, आधी पाण्याचं बघा.”

मग त्या रविवारी जे झालं, ते त्या चर्चमध्ये कधी झालं नव्हतं. बायकांनी स्वयंपाकघरातली मोठाली पातेली बाहेर काढली. वरच्या भागातून पाणी भरून आणलं, उकळलं, आणि गाडीवर घालून गल्लीत नेलं. बँकेतले पंच कुरकुरत का होईना, पण अंगणातल्या नळाला फडकं बांधून त्यापाशी खुर्ची टाकून बसले, आणि नंतर तर पाण्याला येईल त्याला स्वत:च झापू लागले. बाकीचे दोघेदोघे मिळून दारोदार फिरले.

सगळीच दारं उघडली असं नाही. एका दारात एक धिप्पाड माणूस उभा होता, तोच तो, जो मोर्च्यात सगळ्यांच्या पुढे ओरडत जायचा. त्याने बाटलीवाल्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“तुम्ही चर्चवाले ना? बरी संधी साधलीत! धर्म शिकवायला आलात?”

“नाही हो. पाणी उकळून प्या, एवढंच सांगायला आलोय. मी पाणी खात्यातला आहे. चूक आमची आहे.”

मोर्चे काढून त्या माणसाचा घसा बसला होता, पण खात्यातला माणूस दारात येऊन चूक आमची म्हणतो, हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं. आत त्याची म्हातारी आई कण्हत होती. त्याने दार पूर्ण उघडलं. “या आत,” तो म्हणाला. “आधी तिला बघा.”

सोमवारी खात्याच्या फाटकापाशी माणसं जमली. ज्यांनी आठवड्यापूर्वी एकमेकांवर दगड मारले होते, ती दोन्ही बाजूंची माणसं तिथे होती, कारण त्या गल्लीत पाणी तर सगळ्यांच्या घरात एकच होतं. साहेबांना वाटलं, आता पेटणार. पण कुणी दगड उचलला नाही. धिप्पाड माणूस, पाळक आणि ताई असे तिघे बाटलीवाल्यांबरोबर आत गेले. बाटलीवाल्यांनी ती काळी बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवली.

“तुम्ही खात्याची अब्रू वेशीवर टांगलीत!” साहेब म्हणाले.

“साहेब, अब्रूतलं मला कळत नाही,” बाटलीवाले म्हणाले. “पाण्यातलं कळतं. वाहिनी बंद करा आणि खणायला माणसं पाठवा.”

बाहेर लोक उभे होते, म्हणून खणलं. जुन्या मोरीशेजारी पाइपाचा सांधा गंजून उघडा पडला होता आणि घाण थेट आत झिरपत होती. नवा पाइप पडला. नमुने पुन्हा शेवटच्या नळावरून घेतले जाऊ लागले, आणि ते घेताना गल्लीतलं कुणीतरी जवळ उभं राहील असंही ठरलं.

सगळं गोडच झालं, असं मात्र सांगता येणार नाही. बाटलीवाल्यांची बदली गोदामात झाली, मोडक्या मीटरांची राखण करायला. खात्यातले काही जण त्यांच्याशी बोलेनासे झाले. आणि एके दिवशी ते धीर करून घड्याळबाबांच्या घरी गेले. त्यांच्या म्हाताऱ्या बायकोला त्यांनी सगळं खरं सांगितलं. त्या बाई रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत, असू दे असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी नुसतं दार लोटून घेतलं. त्या दाराची आठवण बाटलीवाल्यांना अजून रोज होते, आणि व्हायलाच हवी.

पण ऑर्गनबाईंची लेक वाचली! महिनाभर अंथरुणात होती, काडीसारखी झाली होती, पण हळूहळू उठून बसली, आणि उठल्याबरोबर आईकडे खाऊचा हट्ट धरला. ताई म्हणाली, आता काळजी नाही, पोरगी भांडायला लागली.

बाटलीवाल्यांच्या घरी बैठक आजही भरते. प्रार्थना बंद झालेली नाही, उलट वाढली आहे. पण आता रस्त्याकडच्या खिडक्या उघड्या असतात, टीव्हीची वायर कपाटातून बाहेर आली आहे, आणि प्रार्थना झाल्यावर लगेच कुणी उठत नाही. “आत्ता देवाकडे मागितलं, त्यातलं आपल्या हातात काय काय आहे?” असं कुणीतरी विचारतंच. मग कधी कुणाला इस्पितळात जायचं असतं, कधी पोलीस चौकीत कुणाची बाजू सांगायला जायचं असतं, तर कधी रुसलेल्या दोन शेजाऱ्यांना एका खोलीत आणून बसवायचं असतं. धिप्पाड माणूसही अधूनमधून दाराशी बसतो. प्रार्थना करत नाही, पण नंतरच्या कामाला सगळ्यांच्या आधी उठतो.

बंधुभगिनींनो, दिवस तुमचेही वाईट असतील. दार लावून देवाजवळ जरूर बसा. पण आपला देव काठावर उभा राहून प्रार्थना करणारा नव्हता, तो सगळ्यांच्या पाण्यात उतरला. त्याच्या मागे जायचं तर पाय ओले करावेच लागतात. जे हातात आहे ते न करता त्यासाठी नुसतं देवाला आळवणं, ही भक्ती नव्हे. ती पळवाट आहे.

नातीचा बाप्तिस्मा पुढे एका रविवारी झाला. ऑर्गनबाईंनी स्वत: जाऊन अंगणातून तांब्या भरून आणला आणि मग वाजवायला बसल्या. ताईने बाळाला हातांवर घेतलं. पाळकांनी भांड्यात हात घालण्याआधी बाटलीवाल्यांकडे बघितलं.

“पाणी कुठलं?”

“अंगणातल्या नळाचं,” बाटलीवाले म्हणाले. “सगळे पितात तेच.”

पाणी कपाळाला लागताच बाळाने असं काही भोकाड पसरलं की ऑर्गनसुद्धा ऐकू येईना. ताईने भावाकडे तिरक्या नजरेने बघितलं.

“गार लागलं वाटतं,” ती म्हणाली.

आणि बाटलीवाले भर चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, डोळे उघडे ठेवून रडले.